सोलापूरपासून सरळ पश्चिमेला : गुहागर-दाभोळची वाट

महाराष्ट्राच्या नकाशावर सोलापूर शोधावे आणि तिथून पश्चिमेकडे एक आडवी पट्टी ठेवावी. पंढरपूर जवळजवळ रेघेवरच येते. मग माणदेश, साताऱ्याचे डोंगर, सह्याद्रीची धार, आणि ती उतरल्यावर वाशिष्ठी नदीचे खोरे. पट्टी जिथे समुद्राला टेकते तिथे दाभोळची खाडी आहे. सोलापूर १७.७ उत्तर अक्षांशावर, दाभोळ १७.६ वर. फरक जेमतेम दहा-अकरा किलोमीटरचा. खाडीच्या दक्षिणेला, थोडे खाली, गुहागर.

म्हणजे आम्हा सोलापूरकरांचा हक्काचा समुद्र कोणता, असे भूगोलाला विचारले तर उत्तर मुंबई नाही, गोवाही नाही. उत्तर दाभोळ आणि गुहागर आहे. रस्त्याने हे अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर भरते. मुंबई लोहमार्गाने साडेचारशेच्या पुढे आहे. तरीही सोलापुरात दहा माणसांना विचारा. मुंबईला दहाही जाऊन आलेले असतील, गोव्याला सात-आठ. गुहागरचे नाव काढले तर ‘ते कुठं आलं?’ असा प्रश्न येतो.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. सुताच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली. जुनी गॅझेटिअरे वाचण्याचा नाद मात्र तिथेच लागला, कारण माल कुठून येतो आणि कुठे जातो हे हिशेबनिसाला पाहावेच लागते. ‘सोलापूरचा माल रेल्वे येण्यापूर्वी कुठल्या बंदराकडे जात असेल?’ एवढ्याच प्रश्नाचा माग काढत मी गेल्या काही वर्षांत चार वेळा गुहागर-दाभोळला गेलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो. वाचकाला तिकडे जाण्याची वाटही कळावी, आणि ती वाट आपल्याला इतकी अनोळखी का झाली तेही कळावे, असे दोन्ही हेतू आहेत.

एका महिन्याची वाट

पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी हिंदुस्थानात आला. १४७०च्या आसपास तो चौलला उतरला, जुन्नरमार्गे बिदरला गेला आणि परतताना दाभोळला जहाजात बसला. सोबत विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. जुन्नरच्या सुभेदाराने तो काढून घेतला आणि मोठ्या मिनतवारीनंतर परत दिला. निकितिन घरी पोहोचण्याआधीच वाटेत वारला, पण त्याची टिपणे उरली. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ती ओळखली जातात. त्याच्यावरचा ‘परदेसी’ हा १९५७चा भारत-सोव्हिएत चित्रपट जुन्या वाचकांना आठवत असेल.

या टिपणांत दाभोळचे वर्णन मोठे बंदर असे आहे. अरबस्तान, खुरासान इथून तिथे घोडे उतरत, आणि तिथून खुष्कीने बिदर आणि गुलबर्ग्याला जायला एक महिना लागे, असे तो नोंदवतो. मला यातला महिनाभराचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. दाभोळपासून गुलबर्गा घाटवळणांसह साडेचारशे किलोमीटरच्या आसपास धरले, तर दिवसाला पंधरा किलोमीटर होतात. ही ओझ्याच्या बैलाची चाल आहे. वाट रोजच्या राबत्याची होती, मुक्काम ठरलेले होते, म्हणूनच असा ठोक हिशेब एखाद्या परक्याला कोणी सांगू शकला.

दख्खनच्या सुलतानांना हे बंदर का हवे होते? घोड्यांसाठी. दख्खनच्या हवापाण्यात लढाईचे उमदे घोडे पुरेसे पैदा होत नसत. ते समुद्रापलीकडून आणावे लागत. घोड्यांबरोबर माणसेही येत. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान इराणच्या गिलान प्रांतातून आला, तो दाभोळलाच उतरला असे मानले जाते. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलखान दाभोळलाच उतरल्याचे फरिश्ता सांगतो. ज्या दोन माणसांनी आपल्या भागाचे दीडशे-दोनशे वर्षांचे भवितव्य घडवले, त्यांनी दख्खनच्या मातीवर पहिले पाऊल दाभोळला ठेवले, असा याचा अर्थ.

सोळाव्या शतकाच्या आरंभी बार्बोसा नावाच्या पोर्तुगीज अंमलदाराने या किनाऱ्याचे वर्णन लिहिले. दाभोळहून तांबे, पारा आणि हिंगूळ देशावर जातात, आणि वरून कापड व धान्य खाली येते, अशी त्याची नोंद आहे. कापड आणि धान्य हे आजही सोलापूरच्या बाजारपेठेचे दोन खांब आहेत. सोलापूरचे नाव त्या नोंदीत नाही, ते ओढूनताणून घालण्याचे कारणही नाही. पण दाभोळ एका टोकाला आणि गुलबर्गा-बिदर दुसऱ्या टोकाला असेल, तर मधला मुलूख आपलाच आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे दुष्काळात लुटवली ही कथा आपल्याला पाठ असते. ती कोठारे बिदरच्या सुलतानाची होती, हे मात्र आपण भरभर म्हणून पुढे जातो. मंगळवेढे, सोलापूर, गुलबर्गा, बिदर ही एका राज्याची ठाणी होती, आणि त्या राज्याचे समुद्राकडचे दार पश्चिमेला होते.

दार बंद कसे झाले

दाभोळला पहिला मोठा फटका १५०८च्या डिसेंबरअखेर बसला. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा याचा मुलगा त्याच वर्षी चौलजवळच्या लढाईत मारला गेला होता. दीवकडे आरमार घेऊन जाताना अल्मेदाने वाटेत दाभोळ जाळले आणि कत्तल केली. १५१० मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेले. घोड्यांचा व्यापार त्यांनी गोव्याकडे वळवला. दाभोळ पुन्हा उभे राहिले, विजापूरकरांच्या काळात त्याला पुन्हा बरकतही आली, पण समुद्रावरचा हुकूम आता दुसऱ्याचा होता. १६६०च्या सुमारास ते शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. १६८६ मध्ये विजापूर मोगलांनी घेतले आणि ज्या राजधानीसाठी हे बंदर होते ती राजधानीच उरली नाही.

तरी वाट पुरती मोडली नव्हती. घाटातून बैलांचे तांडे चालूच होते. मीठ, सुकी मासळी, नारळ वर येत. धान्य, गूळ, कापड खाली जाई. वाट खऱ्या अर्थाने तुटली ती रेल्वेने.

१८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली. १८६३ मध्ये बोरघाटाचे काम पुरे झाले आणि सोलापूर मुंबईशी अखंड रुळांनी जोडले गेले. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी, म्हणजे आपली जुनी गिरणी, सुरू झाली. हे सगळे शहराच्या भाग्याचेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या दिवसापासून सोलापूरचे तोंड वायव्येला वळले ते कायमचे. जो माल पश्चिमेला बैलाच्या पाठीवर जाई तो डब्यात बसून मुंबईला जाऊ लागला.

रेल्वेच्या नकाशाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ठळक दिसते. बोरघाटातून रेल्वे सह्याद्री उतरते. त्यानंतर दक्षिणेकडे ती पुन्हा उतरते ती थेट कॅसलरॉकला, गोव्याच्या वेशीवर. या दोहोंमध्ये शेकडो किलोमीटर सह्याद्री उभा आहे आणि तो ओलांडणारा एकही लोहमार्ग नाही. दाभोळ, गुहागर, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण ही सारी बंदरे या पोकळीत सापडली. त्यांच्या पाठीमागचा मुलूख तोडला गेला.

मग त्यांना मुंबईच उरली. आगबोटी आल्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असे थांबे घेत त्या खाली जात. बहुतेक ठिकाणी धक्का नव्हता. बोट समुद्रात उभी राही आणि माणसे पडावातून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात वाहतूक बंद. दाभोळहून लहान लाँच खाडीतून गोवळकोटपर्यंत, म्हणजे चिपळूणच्या दारापर्यंत जात. कोकणातली माणसे गिरण्यांत आणि कचेऱ्यांत नोकरीला मुंबईला गेली, चाकरमानी झाली. सोलापूरचा कामगार आणि गुहागरचा कामगार परळच्या एकाच चाळीत शेजारी राहत असेल; आपली गावे एकाच अक्षांशावर आहेत हे दोघांनाही ठाऊक नसेल.

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. तिने कोकणाला मुंबई आणि मंगळूर जवळ आणून दिले. देश मात्र होता तिथेच राहिला, कारण ही रेल्वे सह्याद्रीला समांतर धावते. कराड-चिपळूण लोहमार्गाची घोषणा होऊन गेली, पण घाटात अजून रूळ पडलेला नाही. सोलापूरहून कुणी हट्टाने रेल्वेनेच चिपळूणला जायचे ठरवले तर पुणे, कर्जत, पनवेल असा वळसा घालून सहाशेच्या घरात किलोमीटर मोजावे लागतात.

गुहागर दुर्गम झाले ते असे. सह्याद्री पूर्वीही तेवढाच उंच होता, आणि दाभोळहून गुलबर्ग्याला पोहोचायला महिना लागत असूनही कुणी त्याला दुर्गम म्हटले नव्हते. आज तिथे एका दिवसात पोहोचता येते, आणि आपण त्याला आडबाजूचे म्हणतो. वाटेवरचा राबता कोणीकडे वळतो त्यावर गावाचे जवळ-लांब ठरते.

आजची वाट

राबता कमी झाला तरी वाट आहे. विजापूर, जत, विटा, कराड, पाटण, चिपळूण, गुहागर असा एक रस्ता पूर्वीपासून ‘गुहागर-विजापूर रस्ता’ म्हणून ओळखला जातो. आज तो राष्ट्रीय महामार्ग १६६-ई आहे. आदिलशाही राजधानी आणि तिच्या बंदराचा परिसर यांना जोडणारा रस्ता त्या दोन टोकांच्या नावाने आजही उभा आहे, याकडे मी प्रथम लक्ष दिले तेव्हा मला गॅझेटिअरातल्या कुठल्याही पानापेक्षा जास्त आनंद झाला.

सोलापूरहून निघणाऱ्याने मंगळवेढा, सांगोला, आटपाडी, विटा करत कराड गाठावे. हा भाग दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचा. एसटीने जाणाऱ्याने कराडला गाडी बदलण्याची तयारी ठेवावी. थेट गाडीच्या आशेवर दिवस घालवू नये. पहाटे निघालात तर संध्याकाळच्या आत गुहागर गाठता येते. डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी असावी. ती तीन दिवस टिकते, आणि कोकणात ती देऊन बदल्यात काय काय मिळते याचा अनुभव प्रत्येकाने स्वतः घ्यावा.

सांगोला-आटपाडी पट्ट्यात एक गोष्ट जरूर पाहावी. एके काळी टँकरवर जगणाऱ्या या गावांत आता डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागा आणि मधूनच पाण्याने भरलेले कालवे दिसतात. हे टेंभू उपसा योजनेचे पाणी. कराडजवळ कृष्णेतून ते उचलले जाते आणि टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत आणले जाते. कृष्णेला कराडला कोयना मिळते, त्यामुळे उन्हाळ्यात या पाण्याची भिस्त कोयना धरणातून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर असते. म्हणजे तुम्ही पश्चिमेला जात असता आणि कोयनेचे पाणी समोरून पूर्वेला, तुमच्या गावाकडे येत असते.

कराडच्या प्रीतिसंगमावर थोडे थांबून पाटणचा रस्ता धरावा. इथून कोयना डाव्या-उजव्या हाताला सोबत करते. हेळवाकजवळ दरी अरुंद होते आणि वर कोयना धरण. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेला येते आणि हेळवाकशी पूर्वेला वळते. अरबी समुद्र इथून पन्नास-साठ किलोमीटरवर असताना ती त्याच्याकडे पाठ करून बंगालच्या उपसागराकडे निघते. तिथे माणसाने तिला अडवले. १०३ मीटर उंचीची भिंत, १०५ टीएमसी साठा. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सोलापूरच्या जुन्या माणसांनाही त्या पहाटेचा हादरा आठवतो.

धरणातले पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडतात. ते पोफळीच्या बाजूला शेकडो मीटर खाली कोसळते आणि वीज तयार होते; सगळे टप्पे धरून क्षमता सुमारे १९६० मेगावॉट. कृष्णा पाणी तंटा लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवण्यास मान्यता दिली होती. वीज करून झाल्यावर हे पाणी वाशिष्ठी नदीत जाते, चिपळूणवरून वाहते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते.

घाटमाथ्यावर उभे राहून मी या आकड्यांचा विचार केला आहे. एका बाजूला टेंभूचे पाणी वीज खर्चून सांगोल्याकडे चढवले जाते. दुसऱ्या बाजूला त्याच धरणाचे पाणी वीज देण्यासाठी दाभोळकडे सोडले जाते. पाऊस कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. सोलापूरला त्याचा सातवा-आठवा हिस्सा. हे पाणी पूर्वेला हवे की पश्चिमेला, हा वाद अर्ध्या शतकाहून जुना आहे आणि दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मला एवढेच नोंदवायचे आहे, की बैलांचे तांडे ज्या खिंडीने उतरत तिच्याच पोटातून आज आपल्या खोऱ्यातले पाणी उतरते. दाभोळशी आपला व्यवहार संपलेला नाही. त्यातला माल बदलला आहे.

पुढे कुंभार्ली घाट. उतरताना कानात दडे बसतात, हवेत ओल येते, आणि काळी माती संपून जांभा दगड सुरू होतो. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात आणि वाहतूक थांबते. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्यापूर्वी रस्ता चालू असल्याची खात्री करावी. खाली चिपळूण. २२ जुलै २०२१च्या पुराच्या खुणा काही भिंतींवर अजून दाखवतात. चिपळूणहून गुहागर पंचेचाळीस किलोमीटर. रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने होत आले आहे, त्यामुळे पूर्वीपेक्षा वेळ कमी लागतो.

गुहागर

गुहागर गावात शिरल्यावर समुद्र दिसत नाही. आमच्याकडचा माणूस गोंधळतो. गावाचा मुख्य रस्ता किनाऱ्याला समांतर जातो. रस्त्याला लागून घरे, घरांमागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीमागे सुरूची झाडे, आणि त्यापलीकडे वाळू. वाऱ्यापासून घर राखायचे, खाऱ्या हवेपासून बाग राखायची आणि विहिरीचे पाणी गोडे ठेवायचे, या तिन्ही गरजा या रचनेत भागतात. समुद्राकडे घराचे तोंड करून बसणे ही पर्यटकाची हौस. समुद्राकाठी जन्म काढणारा माणूस त्याच्याकडे पाठ करून घर बांधतो.

किनारा पाच-सहा किलोमीटर लांब आणि सरळ. पोर्तुगीज या बाकाला ब्राह्मणांचा उपसागर म्हणत, असे गॅझेटिअर सांगते. व्याडेश्वराचे देऊळ गावाच्या मध्यावर आहे. अनेक चित्पावन घराण्यांचे ते कुलदैवत, त्यामुळे गुहागर न पाहिलेली माणसेही गुहागरचे नाव घेत असतात. दुर्गादेवीचे देऊळही पाहावे. दक्षिणेला वेळणेश्वर आणि हेदवी आहेत. हेदवीला दशभुज गणपती, आणि किनाऱ्यावर बामणघळ नावाची कातळातली चीर. भरतीच्या वेळी तिच्यात पाणी घुसून उंच उसळते. ते पाहायचे तर भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी आणि काठापासून लांब उभे राहावे.

समुद्राबद्दल आमच्या माणसांना दोन शब्द सांगायला हवेत. आपण उजनीच्या पाण्याला आणि चंद्रभागेच्या वाळवंटाला सरावलेलो. समुद्राची गोष्ट निराळी. तो दिवसातून दोनदा येतो-जातो, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. पोहता येत असले तरी ओहोटीच्या ओढीपुढे ते उपयोगी पडतेच असे नाही. गावातला माणूस ‘आत जाऊ नका’ म्हणाला तर जाऊ नये.

राहण्याची सोय घरगुती आहे. जेवायला उकडीचे मोदक, वालाचे बिरडे, सोलकढी. मासे खाणाऱ्याला मासे. ज्या घरी मी दोनदा उतरलो तिथल्या आजींनी पहिल्या रात्री विचारले, ‘‘तुम्ही वरघाटचे ना? मग तिखट लागेल.’’ मी चटणीचा डबा पुढे केला. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘‘पूर्वी आमच्याकडे घाटावरून बैल यायचे, असं सासूबाई सांगायच्या. मीठ न्यायचे, जोंधळे द्यायचे.’’ सासूबाईंच्या बालपणीची म्हटली तरी ही आठवण शंभर वर्षांपलीकडची. गॅझेटिअरात व्यापाराचे तक्ते आहेत. ज्वारी देऊन मीठ नेणारा बैलवाला मला आजींच्या ओसरीवर भेटला.

खाडी ओलांडून

गुहागरहून उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटरवर धोपावे. तिथून दाभोळला गाड्यांसकट नेणारी फेरीबोट २००३ पासून चालते. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. ती नसेल तर चिपळूण, खेड, दापोली असा शंभराहून अधिक किलोमीटरचा फेरा. दक्षिणेला जयगडच्या खाडीवर तवसाळहूनही अशीच बोट आहे. गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्यांना ती उपयोगी.

बोटीतून खाडीच्या तोंडाशी, दक्षिणेच्या काठावर, अंजनवेलचा गोपाळगड दिसतो. त्याच्या अलीकडे मोठाल्या टाक्या आणि धुरांडी. हा एकेकाळचा एन्रॉनचा प्रकल्प. नाव दाभोळचे, पण जागा अंजनवेल-वेलदूरची, म्हणजे गुहागर तालुक्यातली. करार १९९३चा, रद्द १९९५ मध्ये, फेरकरार होऊन वीज १९९९ मध्ये, बंद २००१ मध्ये. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतली मूळ कंपनीच दिवाळखोरीत. २००५ नंतर तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सरकारी भागीदारीच्या कंपनीकडे आला. हा प्रकल्प इथेच का आला? इंधन परदेशातून जहाजाने आणायचे होते आणि वीज देशावर न्यायची होती. निकितिनच्या काळात घोडे याच हिशेबाने उतरत. गाव मात्र अशा वेळी दाराचा उंबरठा ठरते. त्याच्यावरून माल जातो, त्याच्या हाती फार राहत नाही. तिथल्या मासेमारांनी आणि शेतकऱ्यांनी त्या वर्षांत जो विरोध केला त्यामागे ही जाण होती असे मला वाटते.

दाभोळला उतरल्यावर धक्क्याजवळच शाही मशीद आहे. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. एक मोठा घुमट, चार मिनार, समोर कमानी. विजापूर पाहिलेल्या माणसाला ओळख पटवून द्यावी लागत नाही. विजापूरच्या राजघराण्यातली एक शहजादी हजला निघाली, समुद्रावरच्या चाच्यांच्या भयाने तिला दाभोळलाच थांबावे लागले, आणि यात्रेसाठी आणलेल्या द्रव्यातून तिने ही मशीद बांधवली, अशी कथा सांगतात. बांधकाम १६५९च्या सुमाराचे मानले जाते. कथेतले किती खरे ते बाजूला ठेवले तरी एक गोष्ट दगडात आहे. ज्या हातांनी विजापुरात घुमट बांधले त्याच घडणीचा घुमट इथे समुद्राकाठी उभा आहे. कारागीर, पैसा आणि कल्पना कुंभार्लीसारख्याच कुठल्यातरी घाटाने उतरून इथे आल्या. गावात चंडिका देवीचे गुहेतले देऊळ आहे. आत मंद उजेडात वाकून जावे लागते. त्याच गावात दोन्ही पाहावीत.

रस्ता रुंद होताना

आता रस्ते रुंद होत आहेत. सोलापूरहून मिरज-कोल्हापूरमार्गे रत्नागिरीला जाणारा महामार्ग झाला आहे, कराड-चिपळूणचाही होतो आहे. काही वर्षांत सोलापूरकराला गुहागर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला गाठता येईल. त्याची मला आनंदाइतकीच काळजीही वाटते. गोव्याच्या किनाऱ्यावर आपण ज्या रीतीने वागतो, बाटल्या टाकतो, वाळूत गाड्या घालतो, ते गुहागरला सोसणार नाही. तिथे गोड्या पाण्याच्या विहिरी वाडीला लागून आहेत आणि वाडी वाळूला लागून. एकाचे बिघडले की तिन्हींचे बिघडते.

पण माणसाला एखाद्या जागेशी आपले नाते ठाऊक असले तर तो तिथे निराळा वागतो. आपण गुहागरला ‘स्पॉट’ म्हणून गेलो तर कचरा करून येऊ. आपल्याच मुलखाचे जुने दार म्हणून गेलो तर निदान उंबऱ्यावर चप्पल काढू.

म्हणून माझी एक सूचना आहे, विशेषतः सोलापूरच्या शिक्षकांना. आपल्या शाळांच्या सहली विजापूरला जातात. अंतर शंभर किलोमीटर, गोलघुमटात आवाज घुमवला की मुले खूश. गोलघुमट १६५६च्या सुमारास पुरा झाला. दाभोळची मशीद त्यानंतर तीनेक वर्षांची. एका रस्त्याची ही दोन टोके आहेत. एका वर्षी मुलांना विजापूर दाखवावे आणि पुढच्या वर्षी दाभोळ, वाटेत टेंभूचा कालवा आणि कोयनेची भिंत. बखरीतला इतिहास, भूगोलातले पर्जन्यछायेचे प्रदेश आणि नागरिकशास्त्रातला पाणीवाटपाचा धडा, हे तिन्ही या एका वाटेवर पाहता येतात. निघण्याआधी वर्गात नकाशा उघडून तेवढी ती आडवी पट्टी ठेवायला मुलांना सांगावे.